निब कागदाला टेकते, स्पर्श बोटांना कळतो

जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘हाताने लिहिल्याने स्मरणशक्ती वाढते’ अशा मथळ्याने तो आमच्या रत्नागिरीतील पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांपर्यंतही पोहोचला. मूळ अभ्यासाचा दावा बराच संयत आहे. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ विद्युतअग्रांची (इलेक्ट्रोड) जाळी बसवून मेंदूतील लहरी मोजल्या गेल्या आणि टंकलेखनापेक्षा हस्तलेखनाच्या वेळी मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील लहरींचा मेळ अधिक आढळला. मात्र हे विद्यार्थी पडद्यावर डिजिटल लेखणीने लिहीत होते, टंकलेखन केवळ एका तर्जनीने करीत होते, आणि कोणाच्या काय लक्षात राहिले याची चाचणी घेतलीच गेली नव्हती.

स्मरणशक्तीचा वाद चालू राहील. लिहिण्यात जे सुख आहे, त्याचे एक कारण मात्र बोटांच्या त्वचेतच सापडते, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

फाउंटन पेनाने लिहिताना कागदाचा पोत आपल्याला स्पष्ट जाणवतो. वास्तविक बोटे टेकलेली असतात ती पेनाच्या दांडीला. निबचे टोक कागदाच्या तंतूंवरून जाताना क्षणोक्षणी अडते व सुटते आणि त्यातून उठणारी कंपने दांडीतून बोटांपर्यंत येतात. ती टिपणाऱ्या संवेदी कणिकांचे वर्णन इटलीच्या फिलिप्पो पाचिनी यांनी १८३०च्या दशकात केले. त्वचेच्या खोल थरात असणारी ही कणिका सुमारे एक मिलिमीटर लांब असते. तिच्या मध्यभागी चेतातंतूचे टोक असते, त्याभोवती अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखे एकावर एक पापुद्रे असतात आणि पापुद्र्यांच्या मधे द्रव असतो. दाब स्थिर राहिला की द्रव बाजूला सरकतो आणि आतला तंतू शांत होतो. कंपन जलद असेल तर द्रवाला सरकायला अवधीच मिळत नाही आणि धक्का थेट आतपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पेन घट्ट धरल्याची वार्ता ही कणिका देत नाही, ते काम त्वचेतील दुसऱ्या ग्राहींचे. हिला कळतो तो केवळ बदल. सेकंदाला सुमारे २०० ते ३०० कंपनांना ती सर्वाधिक संवेदनशील असते आणि त्या टप्प्यात एक मायक्रोमीटरहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान हालचालही तिला पुरते.

आता थोडे गणित. समजा, निब सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने चालली आणि कागदावरचे उंचवटे दर ०.१ मिलिमीटरला आले, तर सेकंदाला ३०० धक्के बसतील, म्हणजे कणिकेच्या नेमक्या आवडत्या टप्प्यात. वेग घटला की कंपनसंख्या घटते. शिरोरेषा ओढताना हात वेगाने जातो आणि ‘ळ’च्या वळणावर मंदावतो, म्हणून प्रत्येक अक्षराला बोटांत जाणवणारी स्वतःची चढउतार असते. २०१८ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात तर काठीला नेमका कोठे स्पर्श झाला, हे माणसांना ती काठी नुसती हातात धरूनही ओळखता आले.

कळफलकावर ‘क’ आणि ‘ज्ञ’ उमटवताना बोटाला तीच टकटक मिळते. फोनची कंपने याच कणिकांना जाग आणतात, परंतु तीही प्रत्येक अक्षराला सारखीच. टंकलेखनाला वेगाचे आणि तालाचे सुख आहे, ते मी नाकारीत नाही.

याच ओघात ‘सही बदला, नशीब बदला’ सांगणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. अक्षराच्या वळणावरून स्वभाव वा भविष्य सांगण्याच्या दाव्यांना शास्त्रीय कसोट्यांवर आधार मिळालेला नाही. सहीखाली दोन टिंबे दिल्याने कर्ज फिटत नाही.

कोकणात मात्र एक व्यावहारिक अडचण आहे. आषाढातील दमट हवेत कागदाचे सेल्युलोज पाणी शोषून घेते, तंतू फुगतात, त्यांना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध सैल होतात आणि कागद मऊ पडतो. शाई फुटते, निब रुतते आणि ती खरखर बोथट होते. त्यातून हवा कोरडी होत जाताना कागद पाणी सोडतो, पण शोषले त्याच वाटेने सोडत नाही: तितक्याच आर्द्रतेला, ओला होऊन सुकणाऱ्या कागदात पहिल्यापेक्षा थोडे अधिक पाणी राहते. म्हणून लिहायच्या वह्या पावसाआधीच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात; एकदा भिजट झालेला कागद दिवाळीत उन्हात टाकला तरी त्याच्या सुरकुत्या पुरत्या जात नाहीत.