बारा सेकंदांची परीक्षा

परग्रहावरील सजीवांचा विषय निघाला की आमच्या मेहकर भागात गप्पा उडत्या तबकड्यांवरून हमखास लोणारच्या विवरावर येतात. प्रत्यक्षातला शोध बराच रुक्ष असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शास्त्रज्ञांनी मे १९९९ मध्ये परग्रहावरील बुद्धिमान सजीवांचे रेडिओ संकेत शोधणारा ‘सेटी ॲट होम’ प्रकल्प सुरू केला आणि मार्च २०२० अखेर कामाचे वाटप थांबेपर्यंत जगभरातील लाखो लोकांनी आपले घरचे संगणक रिकाम्या वेळी त्याच्या दिमतीला दिले. माझाही त्यांत होता. भारनियमनात तो मध्येच बंद पडे. परंतु झालेले काम डिस्कवर नोंदले जात असल्याने वीज आली की गणित पुढे चालू होई.

पोर्तो रिकोतील अरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने १४२० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हायड्रोजनच्या वारंवारतेच्या आसपास जे रेडिओतरंग टिपले, त्यांचे सुमारे १०७ सेकंदांचे तुकडे आमच्याकडे येत. निसर्गातील रेडिओस्रोतांचे उत्सर्जन सहसा वारंवारतांच्या रुंद पट्ट्यात पसरलेले असते, म्हणून अगदी अरुंद पट्ट्यातला संकेत यंत्रनिर्मित असण्याचा संभव अधिक. अडचण अशी की, तसे संकेत आपले रडार आणि उपग्रहही सोडतात. त्यांना ओळखण्याची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाशातील एखादा बिंदू स्थिर दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून सुमारे १२ सेकंदांत सरकून जातो; तेव्हा खरोखर आकाशातून येणारा संकेत तेवढ्याच वेळात हळूहळू वाढला पाहिजे, मधोमध सर्वांत प्रबळ झाला पाहिजे आणि तसाच ओसरला पाहिजे. जमिनीवरच्या रडारला हे सहसा साधत नाही. शिवाय पाठवणारा ग्रहही फिरत असणार, त्यामुळे डॉप्लर परिणामाने, म्हणजे स्रोत जवळ येताना वा दूर जाताना पडणाऱ्या फरकाने, वारंवारता सरकत राहणार, आणि ती कोणत्या वेगाने सरकेल हे आधी ठाऊक नसल्याने संगणकाला हजारो शक्यता तपासाव्या लागत. सगळा वेळ खाई तो हाच भाग.

“मंग, सापडलं का काही?” असे लोक विचारतात. नाही सापडले, पण हे ‘नाही’ मोजूनमापून आलेले आहे, एवढेच माझे म्हणणे. अरेसिबोला दिसणारा आकाशाचा पट्टा, वारंवारतांचा एक अरुंद टप्पा आणि ठरावीक तीव्रतेच्या वरचे संकेत, एवढ्यापुरतेच ते लागू पडते. त्यावरून विश्व निर्जीव ठरवणे घाईचे होईल.

पैज लावायचीच तर मी सूक्ष्मजीवांवर लावीन. लोणार हे बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले विवर असल्याने मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठी ते महत्त्वाचे मानले जाते. त्याच्या अतिशय खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही जीव सुखाने नांदतात, आणि जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेही अशाच लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. रेडिओ संदेश मात्र ते कधीच पाठवणार नाहीत, म्हणून दोन्ही शोध वेगवेगळेच चालू ठेवावे लागतील.

आमच्या संगणकांनी नोंदवलेल्या सुमारे १२ अब्ज संकेतांतून गाळून शंभरेक उरले असून, चीनमधील ५०० मीटर व्यासाच्या ‘फास्ट’ दुर्बिणीने त्याच दिशांचा पुन्हा वेध घेण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांतले बहुतेक आपल्याच उपकरणांचे निघतील असा माझा अंदाज आहे.