द्वादशीची भरती आणि ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो)

ऐरोलीहून ठाणे खाडीत पक्षी बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग बोटीचं बुकिंग. खाडीतल्या पक्ष्यांचा दिवस मात्र पाण्यावर चालतो. चिखल उघडा पडला की ते खायला पसरतात, पाणी चढलं की काठाकडे सरकतात आणि चिखल बुडाला की जवळच्या पाणथळींवर जाऊन पाणी उतरेपर्यंत उभे राहतात. म्हणून मार्गदर्शकाबरोबर शनिवार-रविवारची सहल आखताना आधी भरती-ओहोटीचा तक्ता हातात घ्यावा. तो नसेल तर घरातलं कॅलेंडरही चालतं, कारण त्यात तिथी असते.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात, सकाळी आणि रात्रीही. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. तोंडी हिशेबाला हे सोपं आहे, पण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे तिथीला ०.८ ने गुणलं तर वेळ अधिक जुळते. पौर्णिमेला पाऊणपटीने सव्वाअकरा येतात आणि ०.८ ने बारा; बारा हेच खरं उत्तर जवळचं. छापील तक्ता गेटवेजवळच्या अपोलो बंदराचा असतो. पाणी ऐरोलीपर्यंत चढायला आणखी वेळ लागतो. तो किती धरायचा हे बोटवाल्यांना तोंडपाठ असतं.

वेळेइतकीच महत्त्वाची पाण्याची उंची. अपोलो बंदरात उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची, भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला पाणी ०.८ मीटरपर्यंत उतरतं. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती ३.३ मीटरवरच थांबते आणि ओहोटी १.९ मीटरच्या खाली जात नाही. एकीकडे साडेतीन मीटरांहून जास्त चढउतार, दुसरीकडे दीड मीटरसुद्धा नाही. भांगाला भरतीतही वरचा चिखल उघडा राहतो, मग पक्षी पाणथळीवर यायचं कारणच उरत नाही. ‘गेलो आणि काहीच नव्हतं’ अशा तक्रारींमागे बरेचदा भांग असतो.

मग थेट पौर्णिमा-अमावास्या का धरू नये? कारण आपल्याकडे उधाणाची भरती भर दुपारी येते. डोक्यावर ऊन आणि पाण्यावर झळा. दुर्बिणीतून पक्षी वितळल्यासारखे दिसतात. मधला मार्ग म्हणजे शनिवारी द्वादशी आणि रविवारी त्रयोदशी येईल असा आठवडा. भरती साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान, पाणी उधाणाकडे वाढत चाललेलं आणि ऊन अजून तिरपं. फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत असा आठवडा सापडला तर उत्तम. रोहितांची संख्या तेव्हा मोठी असते आणि उत्तरेकडून आलेली थापट्या, तलवार ही बदकंही अजून परतलेली नसतात. मेपर्यंत रोहित भेटतील, बदकं नाहीत.

शनिवार बोटीला द्यावा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. खारफुटी आणि पाणी मिळून सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात आणि त्यांच्या वेळा भरती बघूनच ठरतात. बुकिंग करताना ‘भरतीच्या किती आधी?’ एवढं जरूर विचारा. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात बसते, पूर्ण भरतीला पक्षी पांगलेले असतात. चढत्या पाण्यात, भरतीच्या दोन-अडीच तास आधी, उरलेला चिखल आक्रसत जातो आणि थवे त्या पट्ट्यात दाटतात. पाणी एकाच गतीने चढत नाही. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं चढतं, शेवटच्या तासात जेमतेम बारावा हिस्सा. शेवटचे दोन तास पट्टा सावकाश अरुंद होतो, त्यामुळे बघायला निवांत वेळ मिळतो.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. बोटीवर १०× मध्ये हातासकट सगळं हलतं. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०× मध्ये ४.२, पहाटेच्या मंद उजेडात हा फरक कळतो. टेलिस्कोप आणि तिपाई बोटीवर निरुपयोगी, ती रविवारसाठी ठेवा.

रोहितांच्या इथे दोन जाती दिसतात, मोठा आणि छोटा. समोर रोहित आले की आधी चोच बघा, रंग नंतर. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. छोट्या रोहितची गडद लालसर-काळपट, लांबून काळीच वाटते. उंचीत मोठा छोट्यापेक्षा जवळपास दीडपट, पण एकटा उभा असेल तर उंचीवर विसंबू नये. पिल्लं करडी-तपकिरी असतात. हमखास चुकतं ते इथेच, कारण गुलाबी नाही म्हणजे बगळा असं वाटून जातं. खाताना दोघेही डोकं उलटं करून चोच पाण्यात धरतात. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं आणि कडेच्या जाळीतून बाहेर जातं. छोट्याची जाळी इतकी बारीक की तिच्यात सूक्ष्म शैवाल आणि नीलहरित जीवाणू अडकतात. मोठ्याची भरड, त्यामुळे त्याच्या वाट्याला कोळंबीसारखे बारके जीव, अळ्या आणि कृमी. एकाच चिखलावर दोघांची पंगत असून भांडण का होत नाही, ते यातून कळतं. पिसांचा गुलाबी रंगही या अन्नातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचाच. खाडीत शैवाल माजण्यामागे शहराच्या सांडपाण्याचा हात असावा असं मानलं जातं. पर्यटनाच्या जाहिरातीत अर्थात ते कोणी छापत नाही.

थव्यातले पक्षी खाणं थांबवून एकदम माना वर करतात, मग एकाच दिशेने झपाझप चालू लागतात. ही दुसरी खूण दिसायच्या आतच बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगायचं, तिसरी पायरी उडण्याची. थवा उडाला की फोटो छान येतो खरा, पण परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात जळते आणि खायचा वेळही जातो. लाइफ जॅकेट उतरवू नये. चिखलावर पाय ठेवायचा मोह टाळा. वरून घट्ट दिसतो, आत मांडीपर्यंत जातो.

रविवारी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था किंवा एनआरआय निवासी संकुल यांच्यामागे, भरतीच्या दोन तास आधी पोचावं. नवी मुंबई खाडीच्या पूर्व काठावर असल्याने सकाळी ऊन पाठीवर येतं आणि पक्ष्यांवर पडतं. संध्याकाळी तिथूनच नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. संध्याकाळसाठी भांडुपची बाजू बरी. पक्षी पायांच्या उंचीच्या क्रमाने येतात. आधी आखूड पायांचे चिखले आणि टिलवे, कारण त्यांचा चिखल सर्वांत आधी बुडतो. मग शेकाटे, आणि लांब पायांचे रोहित सर्वांत शेवटी. हा क्रम बिघडला, उदाहरणार्थ रोहितच आधी आले, तर खाडीत काहीतरी बिनसलंय असं समजून आकाशात भोवत्यासारखा शिकारी पक्षी शोधावा किंवा पाण्यात बोट.

ही पाणथळ खाडीशी जोडलेली असेल तरच जिवंत राहते. पाणी यायची वाट बुजली की आतलं पाणी साचतं, वर शेवाळाची साय धरते, पातळी बिघडते आणि पक्षी तिकडे फिरकत नाहीत. म्हणून कडेने चालताना पाणी येण्याची तोंडं आणि पाईप उघडे आहेत का, तेही बघावं. मार्गदर्शकाने हे दाखवलं नाही तर विचारावं.

मोजणी करताना एकेक पक्षी मोजू नका. आधी दहा मोजा आणि तेवढा थवा नजरेत किती जागा व्यापतो ते बघा, मग पन्नासाचा तुकडा पाडा आणि तो तुकडा पूर्ण थव्यावर किती वेळा बसतो ते मोजा. दाट थव्यात मागचे पक्षी पुढच्यांच्या पायांआड जातात, त्यामुळे आकडा कमीच येतो. तीन जणांनी स्वतंत्र मोजून मधला आकडा लिहावा. नोंदीत मोजणी सुरू केल्याची वेळ, पाणी चढतं होतं की उतरतं आणि किती अंतर चाललात हे हवंच. त्याशिवाय दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर रंग, पाय डावा की उजवा, पट्टी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली आणि त्यावरची अक्षरं टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अक्षरं नीट दिसली नसतील तर अंदाजाने भरू नका, ती जागा कोरी सोडा.