लांबी-वजन संबंध, माशांमधील

माशाच्या लांबीवरून त्याचे वजन अजमावण्याची मत्स्यविज्ञानातील पद्धत. हेलकावणाऱ्या होडीवर तराजू स्थिर राहत नाही, मोजपट्टी मात्र चालते. ही तिची मूळ सोय.

सूत्र असे : वजन = अ × लांबीचा ‘ब’ घात. ‘अ’ व ‘ब’ हे मोजमापांतून काढायचे स्थिरांक. वाढताना माशाची घडण तीच राहिली, तर ‘ब’ 3 येतो. 20 सेंमी. लांबीचा मासा 80 ग्रॅ. भरत असेल, तर त्याच घडणीचा 40 सेंमी.चा मासा 640 ग्रॅ. भरेल. प्रत्यक्षात ‘ब’ बहुधा 2.5 ते 3.5 यांदरम्यान आढळतो.

घनाचा हा नियम काटेकोर नाही, हे स्कॉटलंडच्या मत्स्यमंडळातील टी. वेम्स फुल्टन यांनी 1904 मध्ये मोजमापांनिशी दाखविले. वजनाला लांबीच्या घनाने भागून काढलेला, माशाची पुष्टता दाखविणारा ‘स्थितिगुणांक’ त्यांच्याच नावे ओळखला जातो. पण हे श्रेय वादग्रस्त आहे. नॅश, व्हॅलेन्सिया व गेफन या संशोधकांनी 2006 मध्ये दाखविल्याप्रमाणे हा गुणांक फुल्टन यांच्या लेखनात नाही. तो प्रथम जर्मनीतील हेल्गोलँड बेटावरील फ्रीड्रिख हाइंके यांनी 1908 च्या सुमारास वापरला असावा. फुल्टन यांचे नाव त्याला बहुधा कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ रिकर यांच्या लेखनातून, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यास, चिकटले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. रूढ नाव मात्र बदललेले नाही. ‘ब’ला 3 न मानता तो मोजमापांतून काढण्याची रीत अमेरिकन शास्त्रज्ञ कीज यांच्या 1928 च्या लेखनापासून मानतात. ले क्रेन यांनी 1951 मध्ये इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरातील पर्च माशांवरून सापेक्ष स्थितिगुणांक, म्हणजे प्रत्यक्ष वजनाला सूत्राने येणाऱ्या वजनाने भागून मिळणारा गुणांक, मांडला.

लांबी कोठपर्यंत मोजली, हे सांगितल्याशिवाय ‘अ’ला अर्थ नाही. बांगड्याची लांबी अनेकदा शेपटीच्या खाचेपर्यंत घेतात. वाकटीची शेपटी चाबकासारखी निमुळती असून जाळ्यात तुटते. म्हणून तिची लांबी मुस्कटापासून गुदद्वारापर्यंतच धरणे सोयीचे. पसरट पापलेट आणि सडपातळ वाम सारख्याच लांबीचे असले, तरी त्यांच्या वजनांत मोठी तफावत पडते, त्यामुळे ‘अ’ जातीगणिक वेगळा. गाभोळीने भरलेली मादी त्याच लांबीच्या रित्या मादीहून जड भरते. म्हणून एका हंगामातील सूत्र दुसऱ्यात जपून वापरावे. केवळ लहान माशांवरून काढलेले सूत्र मोठ्यांना लावल्यास चूक झपाट्याने वाढते.

हौशी गळकऱ्यांत घेर धरूनही वजन काढतात : इंचांतील लांबीला इंचांतीलच घेराच्या वर्गाने गुणून 800 ने भागले की पौंड मिळतात.