साक्ष, जबानी, हकीगत : गिरणी कामगाराचं बोलणं कागदावर कसं आलं

मुंबईच्या गिरणी कामगारांविषयी कागद कमी नाहीत. चौकशी समित्यांचे अहवाल आहेत, कोर्टाची दप्तरं आहेत, पोलिसांच्या नोंदी आहेत. सरकारी लेबर ऑफिसने 1921 पासून जमवलेली मजुरीची आणि महागाईची आकडेवारी आहे. या ढिगात कामगार बोलतोही, पण कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यापुरताच. समितीपुढे तो साक्ष देतो, पोलिसांपुढे जबानी देतो. त्याच्या घरात बसून, ‘तुम्ही मुंबईला कसे आलात, सांगा’ असं विचारणारे लोक गिरणगावात पोहोचले ते बऱ्याच उशिरा. तोवर गिरण्यांचे भोंगे थांबायला लागले होते.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढे कामगारांच्या कामाची चौकशी करायला आयोग नेमले गेले, 1881 साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात मुख्यतः लहान मुलांच्या कामाचे तास होते. मोठ्या माणसांना त्यातून फारसं काही मिळालं नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली परळला सभा घेतल्या आणि 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. आज वाचताना या मागण्या साध्या वाटतात. पण त्या उलट्या वाचल्या की गिरणीतला दिवस दिसतो : सुट्टी नाही, विश्रांती नाही, पगार कधी होईल ठाऊक नाही, हात तुटला तर घरी जा. साप्ताहिक सुट्टी 1890 साली मिळाली. सह्या करणाऱ्या त्या साडेपाच हजारांपैकी कोणी स्वतः काय सांगितलं असतं, हे मात्र आपल्या हाती नाही.

1928 चा संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली, लगोलग कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा व्हिटली आयोग आला, आणि 1929 मध्ये कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा मीरत कटाचा खटला सुरू झाला. त्या खटल्यात डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासोबत अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले कामगारही आरोपी होते. आरोपींची निवेदनं कोर्टाने लिहून घेतली. कामगाराचं बोलणं सविस्तर टिपून घ्यायला त्या काळात कोर्ट लागलं, आणि तेही त्याला शिक्षा करायची की नाही हे ठरवण्यासाठी, ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते.

कागदात जे सहसा येत नाही त्याचं एक उदाहरण द्यायला हवं. साचे खात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा होता. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात येऊ देत नसत. हा नियम कुठल्या फळ्यावर लिहिलेला नव्हता, पण तो होता. डॉ. आंबेडकरांनी 1928-29 च्या संपांच्या काळात हा प्रश्न लावून धरला, म्हणून तो सार्वजनिक चर्चेत आला. अशा न लिहिलेल्या नियमांवर गिरणीचा बराचसा कारभार चालायचा. जॉबरला, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, काय द्यायचं, गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरतं काम मिळणाऱ्या बदलीवाल्याने सकाळी गेटवर किती वेळ उभं राहायचं, कोणत्या गावच्या माणसाला कोणत्या खात्यात शिरता येतं, हे सगळं माणसांच्या तोंडी असायचं. मालक आणि कामगार यांचे संबंध समजून घ्यायचे तर करारनाम्यांच्या जोडीला हेही हवं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कायद्यानेच ठरवून टाकलं की कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मान्यता देण्याची पद्धत आणली. गिरणी उद्योगात ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि राहिली. बहुसंख्य कामगार दुसऱ्या नेत्यामागे गेले तरी वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचा आवाज पोहोचेना. 1982 च्या संपात बोनस आणि पगारवाढीच्या मागण्यांबरोबर हा राग किती खोल होता, हे कामगारांच्या मुलाखती वाचताना जाणवत राहतं.

दिल्लीत, तीन मूर्ती भवनात, राष्ट्रीय चळवळीतल्या नेत्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचं काम 1960 च्या दशकात सुरू झालं. महत्त्वाचं काम, पण ते नेत्यांचं. इकडे मराठीत मात्र दोन बायकांनी वाट काढली. गिरणी कामगारांच्या पुढारी उषाताई डांगे यांचं आत्मकथन 1970 साली आलं, त्याचं नावच ‘पण ऐकतं कोण?’. पार्वतीबाई भोर यांनी आपली हकीगत पद्माकर चितळे यांना सांगितली आणि ती 1977 मध्ये पुस्तक होऊन आली. सांगणारी गिरणी कामगारांच्या लढ्यात मुरलेली बाई, लिहून घेणारा दुसरा. मौखिक इतिहास हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. साक्षीत आणि जबानीत बोलणं कुठे थांबवायचं ते विचारणारा ठरवतो. हकीगतीत ते सांगणारा ठरवतो. पार्वतीबाईंच्या पुस्तकाचं मोठेपण मला इथे दिसतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या साठाहून अधिक होत्या. पुढचं सर्वांना माहीत आहे : संप फसला, गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. 1989 मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभारली. 1991 नंतर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न पेटला. या चळवळीत असलेल्या मीना मेनन आणि वास्तुरचनाकार नीरा आडारकर यांनी कामगार, खानावळवाल्या, शाहीर, कार्यकर्ते अशा सुमारे शंभर जणांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये गिरणगावाचा मौखिक इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याआधी, 1998 साली, नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय श्रमिकांचं अभिलेखागारही सुरू झालं होतं. म्हणजे गिरण्या जोरात असताना या कामाची फारशी कोणाला आठवण झाली नाही, आणि झाली तेव्हा सांगणारे पांगायला लागले होते.

आठवणींवर किती विसंबायचं, हा प्रश्न इतिहासकार विचारतात आणि तो रास्त आहे. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे मार्च 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनांच्या वेळी लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पण मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी तो मृत्यू 1953 मधल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त करून बाजूला टाकली नाही. आपला माणूस नाटोच्या निदर्शनात मेला, त्यापेक्षा तो नोकऱ्यांसाठीच्या लढ्यात मेला, असं त्या गावाला स्मरावंसं का वाटलं, याचा त्यांनी शोध घेतला.

गिरणगावात तारखेचा गुंता वेगळा आहे. 1982 चा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यामुळे तो संपला कधी, याचं एकच उत्तर नाही. कोणाचा संप तो कामावर परत गेला त्या दिवशी संपतो, कोणाचा खोली विकून गावी जाताना, कोणाचा संपलेलाच नसतो. मुलाखत घेणाऱ्याने अशा वेळी तारखेचा हट्ट धरू नये असं मला वाटतं. त्या माणसाने शेवट कुठे ठेवला आहे ते ऐकावं आणि तसंच लिहावं.

चाळीत मुलाखत एकट्याची होत नाही हेही लक्षात ठेवायला हवं. दहा बाय दहाच्या खोलीत शेजारी डोकावतो, दोन वाक्यं घालतो, त्यातून वाद होतो. नवरा बाजेवर बसून संपाचं सांगत असतो आणि ओट्याशी उभी असलेली बायको मध्येच म्हणते, ‘तेव्हा नाही, तेव्हा तर धाकटा झाला होता.’ हे बोलणं बऱ्याचदा उतरवून घेताना गळून जातं. मालवणीतलं, घाटावरचं बोलणं प्रमाण मराठीत जातं, तिथून इंग्रजीत. साचेवाला, बदलीवाला, खाडा, रातपाळी हे शब्द वाटेत सपाट होतात. ध्वनिफीत जपली नाही तर मागे फक्त सारांश उरतो. संपात घर चालवलं ते बायकांनी : कोणी पापड लाटले, कोणी धुणीभांडी केली, कोणी उधारीवर डबे दिले. खानावळवाल्या बायकांची संघटना, प्रेमा पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ, 1975 पासून उभी होती, म्हणून त्यांचं म्हणणं काही प्रमाणात टिपलं गेलं. पापड लाटणारीला मात्र फारसं कोणी विचारलेलं नाही.

गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आली तेव्हा पात्रतेसाठी 1 जानेवारी 1982 ही तारीख धरली गेली. त्या दिवशी कामावर होतो हे कागदाने सिद्ध करायचं. मग ट्रंका उघडल्या गेल्या. हजेरीचं तिकीट, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड, फंडाची पावती शोधण्यासाठी. ज्यांची खोली गेली, ज्यांचं बिऱ्हाड पावसात सिंधुदुर्गला किंवा साताऱ्याला हललं, त्यांचे कागद वाटेतच गेले. अशा माणसाला अमुक खात्यात कोण जॉबर होता, कोणत्या साच्याचा पट्टा सारखा निसटायचा, हे आजही सांगता येतं. मुलाखती बहुतेक मुंबईत राहिलेल्यांच्या झाल्या आहेत. गावी परतलेला कामगार, जो 1982 साली पंचविशीत होता, तो आता सत्तरीच्या आसपास आहे आणि कणकवलीला, पाटणला, संगमेश्वराला भेटतो.