चौक ओलांडायला किती सेकंद?

सिग्नलवरचा हिरवा माणूस किती वेळ दिसायचा, हे एका साध्या भागाकारावर ठरतं: रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत हा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला आहे. समजा, इंदूरला एबी रोडवर पलासियाजवळ कडेपासून कडेपर्यंत 24 मीटर ओलांडायचे आहेत. 24 भागिले 1.2, म्हणजे 20 सेकंद. तरण्या माणसाला ते पुरतात. पण काठी टेकत निघालेल्या आजींचा वेग 0.8 असेल, तर 20 सेकंद संपतात तेव्हा त्या 16 मीटरवर असतात. अजून 8 मीटर बाकी आणि समोरच्या दुचाकींनी गिअर टाकलेला.

हा वेळ खरं तर दोन तुकड्यांचा असतो. स्थिर हिरवा म्हणजे फुटपाथवरून उतरा. लुकलुकायला लागला की नव्याने उतरू नका, उतरलेल्यांनी पलीकडे पोहोचा. वरचा भागाकार या दुसऱ्या तुकड्यासाठी करायचा असतो, कारण स्थिर हिरव्याच्या अगदी शेवटच्या क्षणी पाऊल टाकणाऱ्यालाही पूर्ण रुंदी मिळाली पाहिजे. दोन्ही तुकडे मिळून 20 सेकंद दिले, तर हिशेब तिथेच चुकला.

उरलेले सेकंद उलटे मोजत दाखवणारे सिग्नल आले आणि या नियमातच पेच पडला. आकडा 18 दाखवतोय, तुम्ही 12 सेकंदांत पोहोचता, तरी उतरणं बेकायदा. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2018 पासून कायदा बदलला: आकडे संपण्याआधी पलीकडे पोहोचणार असाल तर लुकलुकत्या दिव्यातही निघता येतं. सोय खरी आहे, पण आपला वेग ओळखण्याची जबाबदारी आता चालणाऱ्यावर आली. म्हणून वेगाचं गृहीतक आधी सुधारायला हवं. अमेरिकेच्या 2009 च्या मानकात ते सेकंदाला 4 फुटांवरून 3.5 फुटांवर आणलं गेलं. आपल्याकडे 1.2 मीटर, म्हणजे जवळपास तेच जुने 4 फूट.

आपला कायदा पादचाऱ्याच्या बाजूचा आहे. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रावर वाहनाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून वाट द्यायची असते. पुढे कोंडी असेल तर गाडी झेब्रावर अडकेल अशी पुढे घ्यायची नसते. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला दंड 1000 ते 5000 रुपये.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते 'लेफ्ट फ्री'पाशी. डावीकडे वळणारी वाहनं थांबतच नाहीत, त्यामुळे हिरवा माणूस दिसत असूनही पहिले तीन-चार मीटरच सगळ्यात धोक्याचे ठरतात. तिथे सेकंद वाढवून काही साधत नाही. वळणाचा कोपरा आवळून वाहनांचा वेग उतरवावा लागतो. दुसरी अडचण वाहनांसाठीच्या आकड्यांची. 3 दिसताच दुचाकी पुढे सरकतात, म्हणून वाहनांचा हिरवा लागण्याआधी सगळ्या बाजूंना निदान 2 सेकंद लाल हवा.

रुंद रस्त्यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मधला सुरक्षित टप्पा. दुभाजकात 2 मीटर रुंद, रस्त्याच्याच पातळीवरची मोकळी जागा ठेवली की 24 मीटरचे 11-11 मीटर होतात आणि 0.8 च्या वेगाने प्रत्येकी 14 सेकंदांत पार होतात. दुभाजकाला पायरी ठेवली तर मात्र व्हीलचेअर तिथेच अडते. सिंगापूरने 2009 पासून वेगळा मार्ग धरला: ज्येष्ठ नागरिक खांबावरच्या यंत्राला कार्ड लावतात आणि हिरवा 3 ते 13 सेकंदांनी वाढतो.

आपल्या चौराह्याचा हिशेब कुणालाही करता येतो. घरी टेपने आपली दहा पावलं मोजा आणि दहाने भागा. सकाळी रहदारी कमी असताना रस्ता पावलांनी मोजा. मग फुटपाथवर उभं राहून लुकलुकणं सुरू झाल्यापासून आडव्या वाहनांचा हिरवा लागेपर्यंतचे सेकंद मोबाइलवर घ्या. मीटर भागिले सेकंद केल्यावर 1.2 पेक्षा मोठा आकडा आला, तर तो सिग्नल मार्गदर्शिकेलाही उतरत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन मोजमापं घ्या, कारण बऱ्याच सिग्नलांचं वेळापत्रक तासांप्रमाणे बदलतं. वाहतूक पोलिसांकडे द्यायच्या अर्जात चौराहा, दिशा, वेळ, रुंदी आणि सेकंद लिहा.