‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ हा पर्याय कालबाह्य कसा झाला?

थंडरबर्ड या मेल सॉफ्टवेअरमध्ये खातं हाताने जोडायला बसलं की ‘नॉर्मल पासवर्ड’ आणि ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ असे दोन पर्याय समोर येतात. कुणीही साहजिकच दुसऱ्यावर बोट ठेवेल. पण आज मोडीत काढायचा आहे तो नेमका दुसराच. हे असं उलटं का झालं, ते कळायला बरंच मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा, मसुदा आरएफसी ८२१ म्हणून प्रसिद्ध केला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित कागदपत्रं). त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोयच नव्हती. ‘मी अमुक’ असं म्हटलं की सर्व्हर ते मान्य करी. पुढे स्पॅम वाढला, कुणाचीही मेल पुढे ढकलणारे सर्व्हर डोकेदुखी झाले, आणि मार्च १९९९मध्ये आरएफसी २५५४ने एसएमटीपीला ‘ऑथ’ ही ओळख पटवायची आज्ञा दिली.

ओळख पटवायचे मार्ग अनेक होते. ‘प्लेन’ आणि ‘लॉगिन’ हे सगळ्यांत साधे. ‘लॉगिन’मध्ये सर्व्हर ३३४ हा आकडा आणि त्यापुढे अगम्य दिसणारी अक्षरं पाठवतो, ती उलगडली की नुसतं ‘युजरनेम’ निघतं. उत्तरही तसंच जातं. हे बेस६४ आहे, म्हणजे फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत. यात कुलूपही नाही आणि किल्लीही नाही. वाटेत कान लावून बसलेल्याला पासवर्ड आयता मिळतो.

त्यावर १९९७चं क्रॅम-एमडी५ हे खरोखर हुशार उत्तर होतं. सर्व्हर दर वेळी एक नवी ओळ पाठवतो, तुमचं सॉफ्टवेअर तिच्यावर पासवर्ड वापरून हिशोब करतं आणि फक्त निकाल परत पाठवतं. पासवर्ड तारेवर येतच नाही. थंडरबर्डमधला ‘एन्क्रिप्टेड पासवर्ड’ तो हाच. त्या काळी बहुतेक मेल उघड्यावरूनच जायची, तेव्हा ही मोठी गोष्ट होती, आणि ती रचणाऱ्यांना मी आजही मनापासून मानतो.

मात्र तोच हिशोब सर्व्हरलाही करावा लागतो. त्यासाठी त्याला पासवर्ड मूळ रूपात, नाहीतर त्याच्याच तोडीच्या रूपात जपून ठेवावा लागतो. फक्त हॅश (पासवर्डवरून काढलेली, पण उलट फिरवून पासवर्ड न देणारी खूण) ठेवायचा, हा आजचा साधा नियम इथे मोडतो. सर्व्हर फुटला की सगळ्यांचे पासवर्ड एका फटक्यात गेले. टीएलएसने, म्हणजे सर्व्हरशी होणारं सगळं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या आवरणाने, तार बंदिस्त केल्यावर तर उरला तो फक्त तोटा. टीएलएसच्या आतला साधा ‘प्लेन’ त्यामुळे बरा ठरला, कारण पलीकडे हॅश ठेवता येतो. एमडी५ हे हिशोबाचं सूत्रच कच्चं निघालं हे कारण लोक आधी सांगतात. मेल उतरवून घ्यायच्या पॉप३ पद्धतीतला ओळख पटवायचा असाच मार्ग म्हणजे एपॉप, त्याला याचा फटका थेट बसला, क्रॅमच्या बाबतीत मला साठवणुकीचा दोष जास्त गंभीर वाटतो. याच कुळातलं डायजेस्ट-एमडी५ २०११मध्ये अधिकृतपणे इतिहासजमा झालं. साठवणुकीचा प्रश्न सोडवणारं स्क्रॅम २०१०मध्ये आलं. त्याला मेलच्या जगात मिळायला हवी तेवढी जागा मिळाली नाही, याची मला हळहळ वाटते.

तोवर शंका पासवर्डवरच येऊ लागली होती. दुहेरी पडताळणी लावलेल्या खात्यातही नुसत्या पासवर्डवर चालणारा जुना मार्ग उघडा राहिला, तर चोर तिथूनच शिरतो. म्हणून मेलमध्ये ओऑथ २.० आलं: सॉफ्टवेअरकडे पासवर्ड न राहता मुदतीचं, मागे घेता येणारं टोकन राहतं. गुगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक खात्यांवर साध्या पासवर्डने चालणाऱ्या ॲप्सना दार बंद केलं. वेगळा काढलेला १६ अक्षरी ॲप पासवर्ड तेवढा चालतो. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेल सेवेतलं बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे नुसत्या पासवर्डवर मिळणारा प्रवेश, बंद करायला घेतलं, पण मेल पाठवायचा एसएमटीपी मार्ग तेव्हा वगळला. कारण स्कॅन केलेला कागद मेल करणारं कोपऱ्यातलं यंत्र किंवा रात्री अहवाल धाडणारी स्क्रिप्ट ब्राउझर उघडून परवानगी देऊ शकत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं खरं काम इथेच अडतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली मेल पाठवायची लायब्ररी एसएमटीपीलिब वर्षानुवर्षं आधी क्रॅम-एमडी५, मग प्लेन, मग लॉगिन असं आजमावत आली आहे. यादीतून पहिलं नाव काढणं दोन मिनिटांचं काम. पण ज्यांच्या सेटिंगमध्ये ‘क्रॅम-एमडी५’ आधीच साठवलेलं आहे, त्यांचं खातं गुपचूप ‘प्लेन’वर गेलं आणि टीएलएस चालू नसलं, तर पासवर्ड पुन्हा उघड्यावर येतो. म्हणून आधी टीएलएस आहे का ते तपासायचं, आणि नसेल तर मेल न पाठवता वापरणाऱ्याला तसं स्पष्ट सांगायचं.