डिझेल जातं कुठं?

पिकअप आठ-दहा वर्षांची झाली की मालकाची एक तक्रार ठरलेली असते : "गाडी ॲव्हरेज देत नाही." मग एअर फिल्टर बदलला जातो, डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायला दिले जातात, कुणीतरी टाकीत ओतायचं औषध सुचवतं. पैसे जातात आणि दोन महिन्यांनी तक्रार पुन्हा तीच. गुळाचे रवे, कास्टिंग नाहीतर भाजी वाहून ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी लिटरमागचे दोन किलोमीटर ही किरकोळ गोष्ट नाही. म्हणून पार्ट बदलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला हवं : डिझेलमधली ऊर्जा इंजिनात वाया जाते आहे की चाकांपाशी? एकही बोल्ट न खोलता ते मिळवता येतं.

त्याआधी ॲव्हरेज खरंच पडलं आहे का, ते बघू. डॅशबोर्डवरच्या काट्यावरून हिशोब नको. टाकी फुल्ल करायची, नेहमीच्या मार्गावर दोन-तीनशे किलोमीटर चालवायची आणि त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करायची. इथं टायर फसवतात. २१५/७५ आर १५ मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो. त्याजागी कुणी २३५/७५ बसवले तर तो ७३३ होतो, म्हणजे ४ टक्क्यांनी जास्त. चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर फेऱ्याच मोजत असल्यामुळे अंतर कमी दाखवतो. गाडी १०४ किलोमीटर गेली तरी मीटरवर १००च दिसतात आणि ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं.

मार्गही तोच हवा. अडीच टनांची भरलेली गाडी ५०० मीटर उंच न्यायला सुमारे १२ मेगाज्यूल काम करावं लागतं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि रोजच्या वापरात इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना एक लिटर नुसत्या उंचीवर खर्च होतं. कोल्हापूर–कागल फेरीच्या ॲव्हरेजशी त्याची तुलना करून गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. मार्केट यार्डाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहिलं, तर तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल जातं आणि मीटर जागचा हलत नाही.

एवढं करूनही आकडा कमीच येत असेल तर खरी तपासणी सुरू होते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरनं जाणाऱ्या अशा भरलेल्या गाडीला टायरांचा रोध साधारण २५० न्यूटन असतो आणि हवेचाही जवळपास तेवढाच. दोन्ही मिळून सुमारे ५० किलो वजनाइतका ओढ. आता एखादा ब्रेक किंचित धरून राहिला आणि त्यानं अवघ्या ५ किलोइतका ओढ वाढवला, तर ड्रायव्हरला तो जाणवणारही नाही. पण गाडीला दर किलोमीटरला दहा टक्के जास्त काम करावं लागेल. नवे नोझल टाकून हे नुकसान भरून येत नाही.

ते ओळखायची रीत सोपी आहे. पहाटे, वर्दळ नसलेल्या सपाट, सरळ रस्त्यावर गाडी रिकामी न्यायची. टायर आणि गिअरबॉक्स गरम झाल्यावर वेग ६०च्या थोडा वर नेऊन न्यूट्रल करायची आणि ६० वरून ४० वर यायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्यानं मोजायचं. मग उलट्या दिशेनं तेच करायचं, म्हणजे वारा आणि बारीक चढ-उतार यांचा परिणाम एकमेकांत बराचसा वजा होतो. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेकची ताकद त्यावर असते. घाटात किंवा महामार्गावर हा प्रयोग करूच नये. सुमारे दोन टनांच्या गाडीला हिशोबानं अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागायला हवा. वीस-बावीस सेकंदांतच वेग उतरला, तर इंजिनाकडे बघायचं कारण नाही. दोष चाकांपाशी आहे. गाडी छान घरंगळत गेली, तर बॉनेट उघडायचं.

चाकांपाशी पहिला संशय ब्रेकवर. फारसा ब्रेक न मारता पाच-सात किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं की चोर सापडला. आपल्याकडच्या पावसात आणि शेतवाटेच्या चिखलात कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का : टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवला आणि एका दिशेनं गुळगुळीत, दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तर टायर तिरका घासत चालला आहे. टायरमधल्या हवेला मात्र लोक गरजेपेक्षा जास्त दोष देतात. चारही टायरांत १० पीएसआय कमी असली तरी ॲव्हरेज साधारण दोन टक्क्यांनी घटतं. टायर लवकर जातो हे खरं, पण हरवलेले दोन किलोमीटर तिथं नसतात.

आता इंजिन. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पार्ट म्हणजे थर्मोस्टॅट. त्यात मेणाची छोटी डबी असते. पाणी ८० अंशांच्या वर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. तोवर पाणी इंजिनातच फिरून लवकर गरम होतं. उन्हाळ्यात एकदा गाडी हीट झाली की पुष्कळ ठिकाणी हा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हीटिंग तात्पुरतं थांबतं, पण मग इंजिन कायम थंड चालतं. ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं, ज्वलनाची जास्त उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते. इलेक्ट्रॉनिक पंपाची गाडी असेल तर कॉम्प्युटरला इंजिन अजून थंडच आहे असं वाटतं आणि तो जादा डिझेल सोडतो. तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात. सकाळी थंड इंजिन चालू करून, फॅनपासून लांब राहून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. काही मिनिटं तो थंड राहून मग एकदम गरम झाला तर ठीक. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. गाडी हीट होत होती, तर त्याचं कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर हेच असतं; ते दुरुस्त करावं आणि थर्मोस्टॅट परत बसवावा.

मग धूर. भार पडल्यावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. फिल्टर चोंदलेला, टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) पाइप फाटलेला किंवा ईजीआर झडप (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी) उघडी अडकलेली असू शकते. फाटलेला पाइप चढावर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो आणि जोडाशी तेलकट डाग दिसतो. हवा पुरेशी असूनही धूर काळाच राहिला, तर नोझल. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीचे नोझल टेस्टिंगवाल्याकडे न्या आणि हातपंपावर टेस्ट होताना स्वतः उभं राहून बघा. डिझेलचं धुकं उडायला हवं; धार पडत असेल किंवा टोकाशी थेंब लोंबत असेल, तर ते डिझेल नीट जळत नाही. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथं सगळ्या इंजेक्टरांना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळतं तिथं, प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावतात. इंजिन चालू ठेवल्यावर एखादी बाटली इतरांच्या खूप आधी भरली, तर तेवढाच इंजेक्टर खराब. चारही बदलायला लागत नाहीत.

निळा धूर आणि घटणारं ऑइल दिसलं तरच हेडकाम, रिंगा, लायनर अशा इंजिन खोलून करायच्या कामांचा विषय काढावा, आणि त्याआधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाताना येणारा दाब) मोजून घ्यावं. आकडे एकमेकांच्या जवळ आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असतील, तर इंजिन खोलायला संमती देऊ नये.